नाक दाबून पाहिलं, भाई

भाई, आज सकाळपासून सतरा वेळा नाक दाबलं. सतराही वेळा श्वास अडकला. म्हणजे मी जागी आहे, हे स्वप्न नाही, आणि तू खरोखरच गेला आहेस. तुझी ही कसली विद्या रे, जी दिवसातून सतरा वेळा माणसाला तीच एक बातमी देते?

तू जाऊन दीड महिना झाला. आता कोणी मुद्दाम भेटायला येत नाही, पण रस्त्यात गाठतात आणि सगळे तेच म्हणतात. "भाई झोपेतच गेलो, बरां झालां. असां मरण नशिबात होयां." मामा तर तेराव्याला चार जणांना हेच ऐकवत होता. मला त्याचं तोंड धरावंसं वाटलं. दुपारी जेवून झोपलेला बेचाळीस वर्षांचा माणूस चार वाजता चहाला उठत नाही, यात कसलं आलंय नशीब? आणि तू काही साधा झोपणारा नव्हतास. तू झोपायला जायचास ते कामाला निघाल्यासारखा, उशाला वही आणि पेन घेऊन.

हे सगळं त्या तीन नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या परदेशी पाहुण्यामुळे झालं. सलग तीन हिवाळे तो आपल्याकडे भाड्याने राहिला. हरमलला येणारे बाकीचे पाहुणे समुद्रावर पडून असायचे, हा मात्र दुपारी खिडकीचं जनेल लावून झोपायचा आणि उठून वहीत लिहीत बसायचा. त्यानेच तुला सांगितलं की स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' असं ओळखता येतं, आणि एकदा ओळखलं की हवं तिथे जाता येतं, हवं त्याला भेटता येतं. त्यासाठी जागेपणी सवय लावायची. दिवसभर मधूनमधून थांबायचं, स्वतःला विचारायचं, 'हे स्वप्न तर नाही?' आणि तपासून बघायचं. नाक दाबायचं, तोंड मिटायचं आणि श्वास घ्यायचा. स्वप्नात असलो तर नाक दाबूनही श्वास आत जातो. हाताची बोटं मोजायची, स्वप्नात ती कमीजास्त भरतात. एखादा फलक वाचायचा, नजर फिरवायची, पुन्हा वाचायचा. स्वप्नात अक्षरं बदललेली असतात. हीच सवय मग झोपेतही हात धरते, असं त्याचं म्हणणं.

मी हसले होते. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी दारावर पाव विकायला येणाऱ्या पदेराकडून पोई घेताना तू त्याच्यासमोर नाक दाबून उभा राहिलास आणि तो बिचारा पोई हुंगून बघायला लागला.

आणखी एक खूण होती, दिव्याच्या बटणाची. स्वप्नात म्हणे बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. म्हाताऱ्याच्या देशात चालत असेल ती खूण. हरमलमध्ये मे महिन्यात बटण दाबून दिवा लागलाच, तर उलट ते स्वप्न समजायला हवं. मी तुला सांगितलं होतं, पण तू ऐकशील तर ना! दुपारी झोपून उठलास, बटण दाबलंस, दिवा लागला नाही. तुला वाटलं, जमलं! समोर मामा चहाला येऊन बसलेला. मग काय, स्वप्नच आहे म्हटल्यावर तू त्याला सांगून टाकलंस की मामा, तीस वर्षं तू चवथीला आरती बेसूर म्हणतोस, घुमट वाजवणाऱ्यांचेही हात थांबतात, पण तुला सांगायची कोणाची टाप नाही. मामाने कप खाली ठेवला आणि चप्पल घातली. तेवढ्यात वीज आली, पंखा फिरायला लागला, आणि तुझं तोंड बघण्यासारखं झालं. त्या वर्षी मामा आपल्याकडे आरतीला आला नाही. खरं सांगते, आरती छान झाली.

पण हसून मी कुठल्या कुठे चालले. मला भांडायचंय तुझ्याशी.

तुला स्वप्नात उडायचं नव्हतं की देश बघायचे नव्हते. तुला फक्त बाबांना भेटायचं होतं आणि त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. बाबांनी तुला कॉलेजातून काढून ट्रकवर का बसवलं? तू दुसऱ्या वर्षाला होतास, गणितात माझ्यापेक्षा हुशार. बाबा तेव्हा डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर होते, शनिवारी घरी यायचे. मायनिंग जोरात होतं. दुसरा ट्रक घेतला आणि एका शनिवारी जेवताना त्यांनी सांगितलं, "सोमवारपासून तू येतलंस माझ्यावांगडा." आई काही बोलली नाही, मी काही बोलले नाही. तू ताटातला भात संपवलास. सोमवारी गेलास.

पुढे मायनिंग बंद पडलं. तो ट्रक आपल्या अंगणात तीन पावसाळे उभा राहिला, मग भंगारवाला तुकडे करून घेऊन गेला. तू परसात तीन खोल्या बांधल्यास आणि पाहुणे ठेवायला लागलास. बाबा आठ वर्षांपूर्वी गेले. त्या प्रश्नाला त्यांनी कधी सरळ उत्तर दिलं नाही. "मगे ट्रक कोण चलयतलो?" एवढंच म्हणायचे आणि उठायचे.

मी मात्र शिकले. रसायनशास्त्र घेतलं, तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कारखान्यात लॅबमध्ये लागले, अजून तिथेच आहे. कॉलेजात असताना डिचोलीच्या स्टँडवर मैत्रिणींबरोबर उभी असायचे तेव्हा तुझा ट्रक जायचा. तू दोनदा हॉर्न द्यायचास. केसांपासून पायांपर्यंत लाल धुळीने भरलेला असायचास. मी मान खाली घालून पुस्तक चाळायचे. एकदाही हात वर केला नाही मी. तू घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, उलट येताना माझ्यासाठी भजी बांधून आणायचास. हे मी तुला कधी बोलले नाही. आता बोलून काय उपयोग, पण बोलते.

नोव्हेंबरातला तो रविवार. मी सोप्यावर तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसले होते. तू दुपारच्या झोपेतून उठून बाहेर आलास आणि माझ्यासमोर उभा राहिलास.

"बाय, माका बाबा गावले गो."

"खंय?"

"सपनात. ह्यां सपान आसा, ह्यां माका सपनातच कळलां. बोटां मोजलंय. मगे बाबांका विचारलंय. तेनी सांगल्यानी."

आणि मी काय म्हणावं? हातातली तिसरीसुद्धा खाली न ठेवता मी म्हणाले, "भाई, ते बाबा न्हय. तां तुझांच डोक्यां. तुका जां होयां होतां, तांच तू ऐकलंस."

तू खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतलीस. मग म्हणालास, "बरां. तू शिकलंस, तुका म्हायत." आणि स्कूटर काढून निघून गेलास.

त्यानंतर अकरा दिवस होते. अकरा! त्या अकरा दिवसांत आपण पाण्याचा पंप, दोन नंबरचा गळका नळ, आईच्या गोळ्या, बांगडे ताजे आहेत की बर्फातले, हे सगळं बोललो. बाबांचं काही बोललो नाही. मला वाटायचं, तू काढशील विषय. तुला वाटत असेल, मी विचारेन. आणि बाराव्या दिवशी तू चहाला उठला नाहीस.

मी चुकीचं बोलले का? नाही. अजूनही मला तसंच वाटतं. मेलेला माणूस स्वप्नात येऊन उत्तरं देत नाही, आपलंच मन दोन आवाजांत बोलतं. माझा राग त्याचा नाहीच. मी ते बोलले कशासाठी, त्याचा राग येतो. भाई, मला शास्त्राची काळजी नव्हती. मला भीती वाटली. बाबा म्हणाले असतील, 'बायला शिकवायचं होतं म्हणून,' अशी भीती वाटली. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं, एकाला निवडलं, असं तुझ्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी शहाणपणा पुढे केला. तुला गप्प बसवायला तेवढं पुरलं.

तू गेल्यावर आठवड्याभराने मी तुझी वही उघडली. म्हटलं, ह्या माणसाने स्वप्नात खाल्लेल्या भाकरीचा रंगसुद्धा लिहून ठेवलाय, तर हेही असेलच. तो रविवार सापडला. तुझं ते वाकडं अक्षर. 'बाबा भेटले. ओळखलं. विचारलं. बायला सांगायचं.' बस. पुढे पान कोरं. पुढची सगळी पानं कोरी. पुन्हा काही लिहिलंच नाहीस तू. मी वही उलटी धरून झटकली, वेडी झाल्यासारखी.

म्हणून मी तुझा अभ्यास चालू केला. तुला स्वप्नात गाठायचं आणि विचारायचं. हसू नकोस. स्वप्नातला तू म्हणजे माझंच डोकं हे मला ठाऊक आहे, माझंच वाक्य माझ्याच वाटेत आडवं पडलंय हेही ठाऊक आहे. तरी केला. दुसरं काय करणार होते?

पहिल्याच आठवड्यात कारखान्यात घोळ झाला. मी लॅबच्या दारात उभं राहून मास्क खाली ओढला आणि नाक दाबलं. मागून येणाऱ्या पोरीने ते पाहिलं आणि ती 'गॅस' म्हणून ओरडली. पाच मिनिटांत आमचा पूर्ण विभाग फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत रांगेत उभा. सेफ्टीवाल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, नेमका वास कसला आला?" काय सांगू त्यांना? भाऊ मेलाय की नाही ते तपासत होते, असं? म्हटलं, शिंक येत होती. एक लेखी मेमो मिळाला. कारखान्यात आता मी बोटंच मोजते, टेबलाखाली हात धरून.

आईला मी सांगितलं नव्हतं, पण तिने ओळखलं. तिचं एकच पालुपद. गेलेला माणूस स्वप्नात आला तर बघावं, पण त्याने हाक मारली तर ओ देऊ नये आणि त्याने दिलेलं काही हातात घेऊ नये. "घेतलां काय तो आपल्यावांगडा व्हरता," म्हणते, म्हणजे सोबत घेऊन जातो. आणि मी तर रोज पहाटे, सुट्टीच्या दुपारीही तुला शोधत निघालेली. रविवारी जेवून झोपायला गेले की ती दाराशी घुटमळायची.

आणि तू येत होतास रे! तोच तर वैताग. चांगला सहा-सात वेळा आलास. एकदा स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर आला नाही म्हणून कुरकुरत होतास. एकदा मी तुझ्या ट्रकमध्ये शेजारी बसले होते आणि माझा पेपर बुडणार म्हणून तुला 'हाक रे, हाक' म्हणून ओरडत होते. एकदा तर आपण पाऊण तास उशांच्या अभ्र्यांवरून भांडलो. तू समोर उभा, हातभर अंतरावर, आणि मी अभ्र्यांवरून भांडतेय! दिवसभर नाक दाबणारी, बोटं मोजणारी मी, मला तिथे एवढं सुचू नये की हा माणूस जिवंत कसा? तू समोर असणं यापेक्षा मोठी खूण दुसरी कुठली हवी होती? पण स्वप्नात नेमकं तेवढंच आठवत नाही. तू असतोस, आणि तू असण्यात काहीच वावगं वाटत नाही. जाग आली की मी उशीवर बुक्क्या मारते. तू हे वर्षभर कसं सोसलंस कोण जाणे. मला एवढी चिकाटी नाही. तुझ्यात होती, आणि ती कॉलेजात नाही, ट्रकवर गेली, हे आठवलं की अजून चिडचिड होते.

गेल्या रविवारी जमलं.

परसातल्या दोरीवर तू पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होतास. तोंडात चिमटे, खांद्यावर ओली चादर. मी काहीतरी सांगायला आले आणि सहज हाताकडे नजर गेली. डाव्या हाताला सहा बोटं. पुन्हा मोजली, सात. मला कळलं. भाई, मला तिथे कळलं! छाती एवढी धडधडायला लागली की आता उठतेच असं वाटलं. म्हाताऱ्याने तुला सांगितलेलं आठवलं, घाबरायचं नाही, तळहात एकमेकांवर घासायचे. घासले. चादरी तशाच राहिल्या, तूही राहिलास. मी म्हणाले, "भाई, काय म्हणाले बाबा?"

तू तोंडातले चिमटे काढलेस आणि माझ्याकडे बघितलंस. रागावलेला वाटला नाहीस. म्हणालास, "बाय, तुका म्हायत नाय तां मी खंयसून सांगू?"

मी चिडले. स्वप्नातसुद्धा माझाच युक्तिवाद माझ्या तोंडावर मारतोस? मी म्हणाले, तो शब्द मी मागे घेते, मी घाबरले होते, मला सगळं सांग, बाबांनी माझं नाव घेतलं असेल तरी सांग. तू काही सांगितलं नाहीस. चादर झटकलीस आणि म्हणालास, "टोक धर." आईने हजारदा बजावलेलं आठवत असूनही मी टोक धरलं. आपण दोघांनी ती चादर ताणली, पिळली, पुन्हा ताणली. पाणी पायांवर पडत होतं, गार लागत होतं. एवढंच. मग घरासमोरच्या रस्त्यावर कोणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि मी उठले.

उठले ती संतापून. महिनाभर घासून हाती काय आलं? मला ठाऊक नाही ते तुला ठाऊक नाही, म्हणजे ते आता कोणालाच ठाऊक नाही. बाबा गेले, तू गेलास, आणि बाबांचं ते उत्तर, खरं असो की तुझ्या मनाचं असो, तुझ्याबरोबर गेलं. मी वीस वर्षं पदार्थ तपासून शुद्ध की अशुद्ध ते लिहिते. तुझं उत्तर मी न बघताच परत पाठवलं.

बाहेर आले. आई सोप्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला कोणाला तरी सांगायचंच होतं. सांगितलं तर ती घाबरणार, ओरडणार, मामाला बोलावून देवळात कौल लावायला पाठवणार, हे धरूनच चालले होते. तरी तिच्यासमोर उभी राहून म्हणाले, "आई, भाई गावलो. सपनात. मी तेच्याशी बोललंय."

आईने सूप बाजूला ठेवलं. सरकून जागा केली. "बस गो," म्हणाली.

मी बसले.

"कसो होतो?"

"बरो होतो."

"बारीक झालेलो?"

"नाय. तसोच."

"हातात काय दिल्यान नाय ना?"

मी खोटं बोलणार होते, पण जमलं नाही. म्हटलं, चादरीचं टोक दिलं होतं, मी धरलं. आईने हात जोडले. तिचे ओठ हलले, देवाचं नाव घेतलं असावं. आता ओरडेल असं वाटलं. मग तिने माझा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि विचारलं, "मगे? आणि काय बोल्लो?"

अर्धा तास विचारत होती, भाई. कुठला शर्ट होता, दाढी केलेली होती का, तिच्याबद्दल काही विचारलं का. मी एकेक सांगत गेले, आणि सांगता सांगता माझा राग कधी उतरला ते कळलं नाही. ते खरं होतं की माझ्या मनाचं, हे तिने एकदाही विचारलं नाही.

तू त्या रविवारी माझ्यासमोर उभा होतास. सोप्यावर माझ्या शेजारी जागा होती. मी तुला बस म्हटलं नाही.